अंगणातलं झाकण

बसून राहणं स्वरूपाताईंच्या स्वभावातच नव्हतं. पस्तीस वर्षं केंद्र सरकारच्या सांख्यिकी खात्यात काढली, दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन मुलं वाढवली आणि निवृत्तीनंतर गाझियाबादच्या सोसायटीत तळमजल्याचा फ्लॅट घेतला तो केवळ अंगणासाठी. अंगणाचा उतार निघाला घराकडे. पाऊस आला की पाणी उंबऱ्याशी. बिल्डरच्या नावानं बोटं मोडत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. कोपऱ्यात मैलापाण्याचं चेंबर होतं. लोखंडी आकडा करवून घेतला, झाकण उचललं. पाच मिनिटांत अंगण मोकळं.

"इसमें दिमाग लगता है, डिग्री नहीं," असं म्हणत तळमजल्यावरच्या बाकी दहा घरांनाही त्यांनी ही युक्ती शिकवली.

पटली नाही ती एकट्या रामवीरला. सोसायटीच्या मागच्या टोकाला जमिनीखाली सगळ्या घरांचं मैलापाणी साफ करणारा प्लँट होता, तो रामवीर चालवायचा. एकदा दारात येऊन म्हणाला, "मॅडमजी, बारिश की नाली अलग है. ये ढक्कन मत खोलिए, सारा पानी मेरे यहाँ आता है."

"एक घर के पानी से क्या बिगडेगा, भैया?"

उरलेली दहा घरं त्यांनी मोजलीच नाहीत. आणि म्हणे सांख्यिकी खातं.

जुलैतल्या त्या दुपारी तासभर पाऊस नुसता ओतत होता. ताईंनी आकडा लावला, पाणी भोवरा करत गेलं, त्या चहाला आत आल्या. कप ओठांना लागतोय तोच अंगणात गुडगुडलं. गेलेलं पाणी परत वर येत होतं. काळं.

"अगं, लाव ते झाकण," त्यांचे यजमान अनुरागराव खिडकीतून म्हणाले.

त्यांनी लावलं. खालच्या पाण्यानं ते ढकलून दिलं.

ताई तशाच मागच्या प्लँटकडे धावल्या. प्लँटच्या जिन्यातून घाण उसळून गाड्यांच्या बेसमेंटमध्ये उतरत होती, आणि चार माणसं दोर लावून रामवीरला ओढत होती. कुणाला करंट लागू नये म्हणून मेन स्विच पाडायला तो खाली उतरला होता. वर आला तो ओकत. त्यानं ताईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याला दवाखान्यात नेलं, आणि संध्याकाळी कमिटी बसली. सेक्रेटरी सचदेवांचा निकाल तयारच होता. "पंप टाइम पे चलाता तो ये होता ही नहीं. सो रहा होगा. निकालो उसे."

तळमजल्यावरचे सगळे हजर होते. सगळे आपापली नखं बघत होते.

अनुरागरावांनी कोपर मारलं. "तू बोलू नकोस. सगळी सोसायटी अंगावर येईल."

ताई उठून चालत्या झाल्या. अनुरागरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला, पण पाच मिनिटांत ताई परत आल्या आणि चिखलानं भरलेला आकडा सचदेवांच्या कागदांवर ठेवला.

"अरे, ये क्या है?"

"इसी से ढक्कन खोला. रामवीर ने मना किया था, फिर भी."

शेजारच्या जी-टू फ्लॅटमधली रसिका, ताईंची पहिली शिष्या, फोनमध्ये डोकं खुपसून बसली होती.

"ग्यारह घर हैं," ताई म्हणाल्या. "जी-वन, मैं. जी-टू..."

रसिकानं फोन उलटा ठेवला.