माझ्या नावाचं साप्ताहिक

आमच्या घरी ते साप्ताहिक माझ्या नावावर यायचं. यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. आमचे हे जबलपुरात संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर होते. सरकारवर उघड टीका करणाऱ्या पत्राच्या वर्गणीदारांत सरकारी नोकराचं नाव कशाला, म्हणून आमच्या क्वार्टरांच्या ओळीतल्या नवऱ्यांनी बायकांची नावं देऊन टाकली होती. वाचायचं त्यांनी, वर्गणीदार आम्ही. निम्म्या जणींना तर ते ठाऊकही नव्हतं.

साप्ताहिक हिंदी, संपादक मात्र मराठी. शाळेतली नोकरी सोडून त्यांनी जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यात भाड्याच्या खोल्यांत छापखाना थाटला होता. सरकारी जाहिराती घ्यायच्या नाहीत हा त्यांचा हट्ट. मग अंक वाटायला माणूस कुठून ठेवणार? स्वतःच सायकलवरून यायचे, दारात उभे राहून "वहिनी, अंक" म्हणायचे. यांचं वाचून झालं की मी तो फडताळात बरण्यांखाली अंथरायची.

चीनच्या युद्धानंतर कारखान्यात कामाचा रेटा वाढला होता, आणि पाकिस्तानशी जुंपली तेव्हा तर माणसं लागोपाठ दोन पाळ्या करू लागली. त्याच दिवसांत शेजारणीच्या नवऱ्याची बोटं यंत्रात गेली. ती आणि मी एकाच नळावर पाणी भरायचो, तरी तो तापाने घरी आहे एवढंच ती म्हणाली. यांनी सांगितलं नाही, रेडिओ तर विजयाच्याच बातम्या देत होता. मला कळलं ते फडताळात कागद अंथरताना. पेंगणाऱ्या माणसाला यंत्रापुढे उभं कोणी केलं, असं संपादकांनी सरकारला सरळ विचारलं होतं. त्या दिवशी माझी डाळ करपली. तिथून मी प्रत्येक अंक पहिल्या ओळीपासून वाचू लागले.

युद्ध चालू असताना सरकारला नावं ठेवणं म्हणजे घरभेदीपणा, असं ओळीत सगळे म्हणू लागले. खरंच तसं वाटत होतं की भीती वाटत होती, देव जाणे. दोन्ही असेल. "हमारी मिसेस अब नहीं पढ़तीं," असं एकेक नवरा संपादकांना सांगू लागला. ज्यांनी कधी वाचलंच नव्हतं, त्यांनी वाचणं सोडलं.

एका संध्याकाळी यांनी जेवणाचा डबा ओट्यावर आदळला. "साहेबांनी बोलावलं होतं. चार्जमनच्या बढतीसाठी माझं नाव चालू आहे, अन् घरात हे कागद येऊन राहिले. बंद कर."

"मी वाचून राहिली ना ते," मी म्हटलं.

"काहून? तुला काय करायचं त्याचं?"

"शेजारच्या भैयांचं काय झालं ते तुम्ही नाही सांगितलं. या कागदांनी सांगितलं."

हे जेवले नाहीत. लेकरं लहान, आणि क्वार्टर कारखान्याचं. नोकरी गेली की छप्परही जाणार. पण मी हट्ट सोडला नाही, आणि यांनी पुन्हा विषय काढला नाही.

साहेबांना यांनी काय सांगितलं ते मला शेजारणीकडून कळलं. "बीवी पढ़ती है साहब, मेरी नहीं सुनती." सगळी पाळी हसली म्हणे. जोरू का गुलाम हे नाव तेव्हापासून चिकटलं ते चिकटलंच. माझ्यावर ढकलून मोकळे झाले म्हणून आधी मला संताप आला. मग वाटलं, 'बंद करतो साहेब' एवढं म्हटलं असतं तरी सुटले असते. तेवढं म्हटलं नाही. चार्जमनची जागा दुसऱ्याला गेली.

युद्ध थांबलं, आणि पुढे एका संध्याकाळी संपादक अंक घेऊन आले. मी उठायच्या आत हेच दारात गेले.

"मास्तर, पुढल्या अंकापासून माझं नाव घाला. जे जायचं होतं ते गेलं."

संपादकांनी अंक पुढे केला. "भैया, हा शेवटचा. छापखाना विकला मी. घेणारेच उरले नाहीत, चालवू कोणासाठी?"

यांनी अंक घेतला, खुर्ची बाहेर ओढली आणि पाळी सुटून येणाऱ्या माणसांसमोर तो अथपासून इतिपर्यंत वाचला. मला यांचा अभिमान वाटला, आणि रागही आला. हीच खुर्ची युद्धात बाहेर निघाली असती, आणि शेजारी आणखी चार निघाल्या असत्या, तर मास्तरांवर छापखाना विकायची पाळी आली नसती.