लेथवाल्यांची नवी बोटं

आमच्या वरच्या मजल्यावर स्प्रिंग राहते. हे नाव मीच ठेवलं, ती दोन वर्षांची असताना. केस ओढून सोडले की टुणकन जागेवर. नाव ऐकून तिच्या आईनं आठवडाभर माझ्याशी अबोला धरला आणि आठव्या दिवशी स्वतःच जिन्यातून हाक मारली, "स्प्रिंग, वर ये, दूध निवतंय."

तिचे वडील समुद्रापलीकडचे. दोन वर्षांसाठी लोखंड कातायचं लेथ मशीन चालवायला म्हणून इथल्या कारखान्यात आले. शर्टाची बाही उसवली म्हणून कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या वहिनींकडे गेले आणि पुढे सहा महिने त्यांच्या एकाही शर्टाची बाही धड राहिली नाही. बाही कोण उसवत होतं ते गल्लीला ठाऊक होतं. मी कुणाला काही सांगितलं नाही, सांगायला कुणी उरलंच नव्हतं. लेथवाले काळेभोर, ताडमाड, केस घट्ट कुरळे. वहिनी गोऱ्या, बुटक्या, घाऱ्या डोळ्यांच्या. पोरगी झाली ती मधल्या रंगाची.

मामा आला की म्हणायचा, "बापावर गेलीय, रंग बघा ना." आत्या समुद्र ओलांडून आली, पोरीला उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "आमचं हिच्यात काहीच नाही." पण आत्या आली एकदा आणि मामा महिन्याला दोनदा, त्यामुळे मामाचं म्हणणं पोरीच्या डोक्यात घट्ट बसलं.

बसमध्ये वहिनींना कुणीतरी विचारायचंच, "सांभाळायला आहे का हो?" बागेत बापाबरोबर गेली की राखणदार बापाला हटकायचा. सहा वर्षांची असताना तिनं राखणदाराला सुनावलं, "मी यांचीच आहे. हात बघा की आमचे." त्यानं दोन्ही हात पाहिले आणि मुकाट्यानं फाटक उघडलं. हे मला कळल्यावर मी म्हटलं, "चष्मा नव्हता वाटतं त्याला?" लेथवाले म्हणाले, "अहो शेजारीणबाई, तो शहाणा होता."

आईच्या खोलीत रिळं मांडून बसायची ती. कापडाला दोरा लावून बघायचा, नाही जुळला की दुसरा. पुढे हीच नजर कामाला आली. कृत्रिम अवयवांच्या वर्कशॉपमध्ये लागली, सिलिकॉनची बोटं, कान, नाकं बनवायला. तिथले मास्तर चौदा रंगांचं कार्ड माणसाच्या मनगटाला लावून म्हणायचे, "नऊ नंबर. पुढचा." स्प्रिंगला स्वतःचा नंबर त्या कार्डात सापडला नाही. मग तिनं कार्ड बाजूला ठेवलं आणि समोरच्या माणसाला दोन-दोन तास खिडकीशी बसवून रंग कालवायला लागली. सांध्यावर गडद, नखाखाली गुलाबी, शिरेसाठी निळा धागा. मास्तर आधी चिडले, मग त्यांच्या सगळ्या अवघड केसेस तिच्याच टेबलावर यायला लागल्या.

आणि गेल्या वर्षी लेथनं लेथवाल्यांचीच दोन बोटं नेली. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं. जखम भरली, पण हात खिशातच राहिला. जेवणं डाव्या हातानं, चहा डाव्या हातानं. कारखान्यानं सांगितलं होतं की नव्या मुलांना शिकवायला या, जागा ठेवलीय, पण एक तारखेच्या आत कळवा. लेथवाले म्हणायचे, "शिकवताना हात दाखवावा लागतो. बघणार काय ते, काम का थोटकं?" वहिनी माझ्याकडे येऊन रडल्या. हा माणूस घरात बसला तर बसूनच जाईल, अशी भीती त्यांना. खोटी नव्हती.

पोरीनं बापाला हातापाया पडून एकदाच वर्कशॉपमध्ये नेलं. थोटकांचा साचा घेतला, डाव्या हाताच्या बोटांचा घेतला. रंगासाठी खिडकीशी बसा म्हणाली, तर हे हात खिशात घालून चालते झाले. "रंग काय बघायचाय? घरचाच आहे."

तिलाही ते पटलं. एवढी दहा जणांना खिडकीशी बसवणारी, पण बापाच्या वेळी तिनं स्वतःचाच हात समोर ठेवला आणि त्यावरून रंग कालवला.

एक तारखेच्या पंधरा दिवस आधी, एका रविवारी मी वर गेले होते, चाळणी परत करायला. चाळणी माझीच होती, पण ते जाऊ द्या. स्वयंपाकघराच्या टेबलावर स्प्रिंगनं नव्या बोटांची डबी उघडली. लेथवाल्यांनी चार महिन्यांत पहिल्यांदा आमच्यादेखत हात वर काढला. बोटं मोज्यासारखी चढली, अगदी फिट. आणि काळ्याभोर हातावर दोन बोटं चहात दूध जास्त झाल्यासारखी दिसायला लागली.

मी हातातली चाळणी उगाच उलटीसुलटी करायला लागले.

स्प्रिंगनं आपला हात शेजारी ठेवला. तंतोतंत. तिचा चेहरा उतरला. "पण सगळे म्हणायचे ना, मी तुमच्या रंगाची..."

"कोण सगळे?"

"मामा."

"तुझ्या मामाला पिकलेली आणि कच्ची केळी कळत नाहीत," वहिनी म्हणाल्या. सख्ख्या भावाबद्दल हो.

"म्हणजे आत्याचं खरं," पोरगी पुटपुटली आणि डबी ओढून घ्यायला लागली. "द्या इकडे. दुसरी करते. लाज काढली मी."

लेथवाल्यांनी हात मागे घेतला. नवी करंगळी डोळ्यांजवळ नेली. "नख कुणाचंय हे? वाकडं?"

"तुमचं. डाव्या हाताचं, उलटं करून घेतलंय."

"मग आत्याचं कसं खरं? नख माझं, रंग तुझा. जुळलंय की."

"बाबा, लांबून दिसतंय."

"दिसू दे."

दुसरी जोडी तिनं केलीच. आठ दिवसांनी त्यांना तीन तास खिडकीशी बसवून. इतकी हुबेहूब की काढून बघायला गेले तर मी खोटी समजून खरीच बोटं ओढली. ती जोडी कपाटात आहे. एक तारखेला लेथवाले कारखान्यात गेले ते पहिलीच चढवून. वर्गात पहिल्याच तासाला एका मुलीनं धीर करून विचारलं म्हणे, ही दोन बोटं वेगळी का? यांनी मशीन बंद केलं आणि अर्धा तास लेकीबद्दल बोलले. लेथचा धडा राहिला तो राहिलाच.

स्प्रिंग अजून चिडते. कालच जिन्यात बापाला म्हणत होती, "माझं नाव खराब करताय. लोक म्हणतील, हिला रंग जमत नाही."

"कोण म्हणतं? पत्ता दे," लेथवाले म्हणाले, आणि त्याच हातानं कठडा धरून माझ्या दारावरून खाली उतरले.