मडगार्डावरचा आकडा

व्हर्लीन टॅकेट या बाईला खोटे सहन होत नसे. तिच्याविषयी लिहायचे तर प्रथम हेच लिहिले पाहिजे. तिच्या आयुष्यात जे चांगले घडले ते या स्वभावामुळे घडले, आणि जे वाईट घडले तेही याच स्वभावामुळे.

केंटकीच्या डोंगरातून, कोळशाच्या खाणीच्या गावातून, ती मोटारींचे कारखाने असलेल्या फ्लिंट शहरात आली तेव्हा विशीतही नव्हती. इंजिनच्या कारखान्यात तिला माझ्या शेजारच्या यंत्रावर उभे करण्यात आले. तेथे आम्ही कॅटमाउंट नावाच्या गाडीचे मोठे इंजिन बनवीत होतो. कॅटमाउंट म्हणजे डोंगरातले रानमांजर. पहिल्याच दिवशी ती मुकादमाला म्हणाली, "हे जनावर आमच्या परसात येऊन कोंबड्या पळवायचं. गाडीला त्याचं नाव दिलंय ना, मग गाडीनं निदान एक कोंबडी तरी पळवून दाखवावी." मुकादम हसला नाही. आम्ही सर्व हसलो.

पुढे तिने तीच गाडी विकत घेतली. घेतली तीही कारखान्यातल्या माणसांच्या रीतीने: इंजिन सर्वांत मोठे, आणि बाकी सर्व काही सर्वांत साधे. त्या काळी कंपनी एकेक गोष्ट वेगळी विचारीत असे. इंजिन कोणते, गिअर कोणते, बैठक कोणती. गावातील डॉक्टरांची मुले चामड्याच्या खुर्च्या आणि रेडिओ मागवीत व बॉनेटखाली लहान इंजिन घेत. आमच्या माणसांच्या गाडीत कापडी सलग बाक असे, रेडिओच्या जागी कोरा पत्रा असे, आणि पुढे आठ सिलिंडरचे ४११ असे. ४११ हे त्या इंजिनाचे माप होते. मडगार्डावर तो आकडा मिरविण्याचा अधिकार केवळ त्याच इंजिनाला होता. तेव्हा मला अक्षरे येत नव्हती. परंतु तो आकडा मी रस्त्याच्या पलीकडून ओळखीत असे.

दर शुक्रवारी संध्याकाळी लिओच्या कोनी हॉटेलमागील, म्हणजे हॉट डॉग विकणाऱ्या खानावळीमागील, पटांगणात आमच्या गाड्या जमत. तेथे दोन नियम होते. ते कोणी लिहून ठेवले नव्हते, परंतु सर्व पाळीत. नव्या गाडीचे बॉनेट मालकाने घरी उघडायचे नाही. ते पटांगणात, सर्वांसमोर उघडायचे. नव्या सुनेचे मुख पाहण्याचा जसा मान असतो, तसाच तो मान होता. दुसरा नियम असा की मडगार्डावर एक आकडा आणि आत दुसरे इंजिन असे आढळले, तर तो आकडा तेथल्या तेथे खरवडून काढायचा.

हा दुसरा नियम व्हर्लीननेच आणला. बर्ल हॅचर नावाच्या आमच्या सोबत्याने भंगारातून ४११ चा आकडा आणून आपल्या लहान इंजिनाच्या गाडीवर चिकटवला होता. बॉनेट उघडताच व्हर्लीनने रंग खरवडायची रंगाऱ्याची पत्ती मागितली.

"अगं, नुसता आकडा आहे तो," बर्ल म्हणाला.

"नुसता? आठ तास उभं राहून मी ते इंजिन करते. माझे पाय तुझ्या मडगार्डाला चिकटवू का?"

तिने आकडा खरवडून त्याच्या हातात ठेवला. बर्ल पुढेही दर शुक्रवारी येत राहिला. परंतु तो प्रसंग तो कधीही विसरला नाही.

नंतर वाईट काळ आला. कंपनीने कॅटमाउंट बंद केली. आमची कामाची पाळी बंद झाली, पुढे कारखानाही बंद झाला, आणि जेथे आमची यंत्रे होती तेथे आज गवत आहे. व्हर्लीनचा नवरा आधीच वारला होता आणि मुलगी शॉना शाळेत होती. व्हर्लीनने गाडी विकली व शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. ती कोणापुढे रडली नाही. मात्र कंपनीविषयी कोणी बरे बोलले, की ती उठून जात असे.

आणि आता, इतक्या वर्षांनी, कंपनीने कॅटमाउंट पुन्हा काढली. महामार्गावर मोठमोठे फलक लागले: "ती परतली आहे." व्हर्लीन म्हणाली, "ती कुठे गेली होती? तुम्हीच घालवलीत." तरीही त्या फलकाखालून जाताना ती गाडी हळू चालवीत असे. शॉनाने ते पाहिले होते. शॉना शाळेची बस चालवते. आईला कळू न देता तिने जादा फेऱ्या केल्या आणि आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, शुक्रवारी, ती नवी कॅटमाउंट चालवीत थेट पटांगणात आली.

गाडी निळी होती, पाठीवर पांढरे पट्टे होते आणि बॉनेटवर इंजिनाला हवा देणारी उंच नाकपुडी होती. मडगार्डावर चकचकीत ४११ होते.

व्हर्लीन आकड्याजवळ गेली आणि तिने त्याच्यावर हात ठेवला. त्या क्षणी तिचा चेहरा जसा झाला, तसा मी तो पूर्वी कधीही पाहिला नव्हता. "पोरी," ती म्हणाली, "पोरी, काय केलंस हे!"

"वाढदिवस आहे, ममा. किल्ली घे."

"आधी उघड! उघड!" सगळे ओरडू लागले.

व्हर्लीनने मानाने बॉनेट उघडले.

आत काळ्या प्लॅस्टिकचे मोठे झाकण होते. ते तिने उचलले. त्याखाली चार सिलिंडरचे लहान इंजिन एका कोपऱ्यात बसले होते. वरच्या नाकपुडीला आतून भोकच नव्हते. पहिला बर्ल हॅचर हसला.

"अरे, कुणी पत्ती आणा रे! बाईंची पत्ती कुठाय? नियम तो नियम!"

मग इतरही हसले. मीही तेथे होतो, आणि त्या हसणाऱ्यांचा मला आजही संताप येतो. ती माणसे त्याच कारखान्याच्या पगारावर जगली होती.

"काय झालं? ममा, काय झालं?" शॉना विचारीत होती. "आकडा तोच आहे. मी बघून घेतला."

"आकडा बघितलास," व्हर्लीन म्हणाली. "आत काय आहे ते विचारायचं नाही? माझ्या पोटची पोर, आणि विचारायचं सुचलं नाही?"

कोणीतरी खरोखरच पत्ती आणून दिली. व्हर्लीनने ती घेतली. मी म्हणालो, "व्हर्लीन, आज नको." तिने माझ्याकडे पाहिले नाही. बर्लला जे सोडले नाही ते मुलीला सोडले, तर आपला शब्द काय राहिला, असे तिच्या मनात असणार. तिने एका बाजूचा आकडा खरवडून काढला, मग दुसऱ्या बाजूचा. निळ्या रंगावर पांढरे ओरखडे उठले. शॉना ते पाहत उभी होती.

"झालं?" शॉना म्हणाली. "तुझं नाव राहिलं? छान. मी बस चालवता चालवता झोपेनं पेंगायचे, ममा. या म्हाताऱ्यांनी हसावं म्हणून नव्हे." आणि ती पायी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्लीन माझ्या दारात उभी होती. "होरेस, शोरूमला चल. मी एकटी गेले तर पोलीस बोलवावे लागतील."

शॉना बरोबर आली, कारण कागद तिच्या नावावर होते. ती त्या निळ्या गाडीत मागे बसली. शोरूममध्ये प्रेस्कॉट नावाचा तरुण विक्रेता होता. त्याचे दात पांढरे होते आणि बोलणे गोड होते. व्हर्लीनने त्याला विचारले, "चार सिलिंडरच्या गाडीवर ४११ लावायची परवानगी तुला कोणी दिली?"

"मॅडम, ते वारसा मॉडेल आहे," तो म्हणाला. "पट्टे, नाकपुडी आणि तो ऐतिहासिक आकडा त्याच मॉडेलबरोबर येतो. लोकांना फार आवडतंय."

"आणि आठ सिलिंडर?"

"ते फक्त टॉप मॉडेलमध्ये. त्यात चामड्याच्या खुर्च्या, काचेचं छत, पाठीला मालिश..."

"पाठ माझी मी बघते. मला मोठं इंजिन आणि साधा बाक हवाय. असं मिळतं का?"

"नाही मॅडम. इंजिन वेगळं मागवता येत नाही. आता पॅकेज असतं." तो समजुतीने हसला. "खरं सांगू? आजकाल लोकांना इंजिन नको असतं, मॅडम. आठवण हवी असते. आवाजसुद्धा आम्ही स्पीकरमधून अगदी जुना दिलाय."

"आठवण!" व्हर्लीन टेबलावर वाकली. "माझे दोन्ही कान त्या आवाजानं गेले, आणि तू तो मला भोंग्यातून विकतोस?"

तेव्हा मागे उभी असलेली शॉना पुढे आली. "मला एक सांगा. गाडी घेताना मी तुम्हाला विचारलं होतं. आईनं कारखान्यात ४११ केलंय, हे तेच इंजिन आहे ना, असं मी विचारलं होतं. तुम्ही काय उत्तर दिलंत?"

प्रेस्कॉटने टाय नीट केला. "मी म्हणालो, हा तोच आकडा आहे."

"मी इंजिन विचारलं होतं. दोनदा विचारलं."

"आणि मी आकडा सांगितला, मॅडम. मी काहीच खोटं बोललो नाही."

मी व्हर्लीनकडे पाहिले. तिने मान वळवून मुलीकडे पाहिले. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर ती जे बोलली होती, ते आता परत घेता येण्यासारखे नव्हते. शॉनाने विचारले होते. दोनदा विचारले होते. एका सुशिक्षित, नीटनेटक्या तरुणाने तिच्या तोंडावर तिला फसविले होते, आणि त्याची शिक्षा तिच्या आईने तिलाच दिली होती.

गाडी परत घेता येणार नाही, असे मॅनेजरने येऊन सांगितले. ओरखड्यांमुळे तिची किंमतही उतरली होती. व्हर्लीन ओरडेल असे मला वाटले होते. ती ओरडली नाही. ती म्हणाली, "तुम्ही आम्हाला घरी बसवलंत, ते आम्ही सोसलं. आता आमचं काम सोलून त्याची साल विकताय." मॅनेजर म्हणाला की तो तिच्या भावना समजू शकतो. मला वाटते, हे वाक्यही त्या पॅकेजबरोबरच येत असावे.

पुढच्या शुक्रवारी व्हर्लीन ती निळी गाडी घेऊन पटांगणात आली. ओरखडे तसेच होते. शॉना शेजारी बसली होती, आणि तिला यायचे नव्हते हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होते. व्हर्लीनने कोणी सांगण्याची वाट पाहिली नाही. तिने बॉनेट उघडले, प्लॅस्टिकचे झाकण काढून जमिनीवर टाकले आणि सर्वांकडे तोंड केले.

"नीट बघून घ्या. चार सिलिंडर. आकडा नाही, कारण आकड्याचा हक्क नाही. ही गाडी माझ्या पोरीनं घाम गाळून घेतली. तिनं विचारून घेतली, आणि तिला फसवलं. गेल्या शुक्रवारी तुम्ही फसवणाऱ्याला नाही हसलात, पोरीला हसलात. बर्ल, तू सगळ्यात मोठ्यानं हसलास. आता हस."

बर्ल खाली पाहू लागला. कोणीही हसले नाही. तिचे बोलणे फार चांगले झाले होते, असे मला वाटले. परंतु गाडीच्या काचेआडून शॉना म्हणाली, "ममा, त्यांना झापून झालं? भाषण मला नको होतं."

"मग काय हवंय?"

"तुला माहीत आहे काय हवंय."

पटांगणातील प्रत्येकाने ते ऐकले. व्हर्लीन टॅकेटने आयुष्यात कोणाची क्षमा मागितलेली मी पाहिली नव्हती. मुकादमाची नाही, कंपनीची नाही, नवऱ्याचीही नाही. ती उघड्या बॉनेटला धरून उभी राहिली. तिच्या हाताच्या शिरा फुगल्या होत्या, जणू कोणी तिला ओढून नेत होते आणि ती जाण्यास तयार नव्हती. मग ती खिडकीपाशी गेली. हळू बोलली असती तरी चालले असते. ती मोठ्याने बोलली.

"चुकलं माझं, शॉना. तू विचारलं होतंस. मी तुला विचारलं नाही."

शॉनाने दार उघडले, ती खाली उतरली आणि आईच्या शेजारी उभी राहिली. मात्र हात छातीशी घट्ट बांधूनच. राग गेला नव्हता, आणि तो इतक्या लवकर जावा असे मलाही वाटत नाही.

मग बर्ल हॅचर हळूहळू पुढे आला, त्याने इंजिनापाशी डोके नेले आणि खाकरून विचारले, "हिला तेल कोणतं लागतं गं?"

"तुला काय करायचंय?" व्हर्लीन खेकसली. "डोकं बाहेर काढ. पोरीची गाडी आहे, तिला विचार."

बर्लने डोके बाहेर काढले, टोपी हातात घेतली आणि शॉनाला विचारले.