कावळा शिवायच्या आधीचे चार दिवस

कावळा शिवला की बाई आजारी, न शिवता आजारी म्हटलं की ढोंगी. नांदुऱ्याच्या माह्या सासरी हाच कायदा.

दर महिन्याले, बाजूले बसायच्या चार दिवस आधी माही छाती ठणके, कंबर धरे, डोकं उठे. भाकर करपली तरी रडू, कोणी हासलं तरी संताप. घरचे म्हणत, हिचं डोकं फिरलं. आमचे हे कचेरीत कारकून. वऱ्हाडाचा कारभार तवा नागपूरहून चाले. तिकडून कडक कागद आला की ह्याईनं घरी ताट आपटावं, ते चाले. मी वाटी आपटली की माहेरचा उद्धार!

सासूबाईले मी आत्याबाई म्हणत असो. त्याईच्या डब्यात बायकाईच्या या दुखण्यावर अळीव, तीळ अन् डिंकाचे लाडू असत. पण ते भेटत कावळा शिवल्यावर, मागच्या पडवीत बसल्यावर, वरून ओंजळीत टाकलेले. तोवर माहं डोकं उतरलेलं असे. बरं झाल्यावर औषध! कितीक खेपा म्हटलं, आधी द्या. त्या म्हणत, काही झालंच नाही तं द्यायचं कायले?

शेवटी एका महिन्यात दुखू लागल्याबरोबर मी कावळा शिवला म्हणून खोटंच सांगतलं अन् पडवीत जाऊन बसली. तीन दिवस लाडू खाल्ले, पडून राह्यली, कोणावर खेकसली नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन चुलीपाशी गेली, अन् लोणच्याची बरणी हातात असतानाच खरा कावळा शिवला.

"काऊन वं, आजच तं न्हाली ना तू?"

माह्याच्यानं राहावलं नाही. "ते खोटं होतं, आत्याबाई. मले आधीच दुखते. जीव जाते माहा, अन् तुम्ही कोणी मानतच नाही."

लोणचं उकिरड्यावर गेलं. सारं घर सारवलं. आठ दिवस अबोला. लोणच्याचं मले काही वाटलं नाही; खोटं बोलल्याबिगर कोणी इचारत नाही, याचीच चीड होती.

पुढच्या महिन्यात मी पुन्हा वाटी आपटली. आत्याबाई उठल्या, डबा उघडला, अन् कावळा शिवायच्या आधीच, चुलीपाशी, माह्या हातावर लाडू ठेवला.

"खाय. मले आधी कोनी देल्ला नव्हता."

म्हणजे त्याईलेही दुखत होतं. सारं माहीत असून इतकी वर्षं डबा बंद ठेवला! मले असा संताप आला का लाडू खातखातच मी वाटी पुन्हा आपटली.