ब्रिजिटबाईंची चाचणी

ब्रिजिटबाई ऑफिसात शिरल्या की नमस्काराआधी खिडकीतून रुमाल बाहेर धरायच्या. वारा कुठला, हे कळल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. वटारच्या वाडीत वाढलेल्या, आवाज हळू, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. हवेतले वायू मोजणाऱ्या आमच्या खात्यात त्या माझ्या वरिष्ठ. "दुसऱ्याची चूक मागाहून काढ, आधी आपली मोज," हे मी पहिल्याच आठवड्यात ऐकलं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वसई पूर्वेच्या एका डंपिंग ग्राउंडमधून किती मिथेन निघतो, ते ठरवायचं काम आमच्याकडे आलं. हवा तापवणारा हा वायू पेटही घेतो. कचऱ्याच्या वजनावरून कागदावर एक आकडा आधीच मांडलेला होता. आम्ही वारा वाहत होता त्या बाजूला पिशव्यांत हवा भरली, हिशेब केला, तर आकडा दुप्पट. खात्याचे साहेब म्हणाले, तुमची पद्धतच फुगवून सांगते.

बाईंनी वाद घातला नाही. राजोडीजवळच्या मोकळ्या माळावर त्यांनी मिथेनचे सिलिंडर नेले. किती वायू सोडला ते फक्त त्यांना ठाऊक. मी लांबून हवा गोळा करून तो किती ते ओळखायचं. पाच दिवस हेच चाललं. शेवटी मी माझे आकडे पुढे ठेवले. त्यांनी आपली वही उघडून त्यांच्याशेजारी ठेवली. पाचही दिवस मी खऱ्याच्या निम्म्याच्या आसपास मोजलं होतं.

"म्हणजे पद्धत चुकते," मी म्हणालो.

"चुकते. पण कमी सांगते," त्या म्हणाल्या. "डंपिंगवर आपण मोजलं त्याहून जास्त आहे रे."

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा डंपिंगवर गेलो. कडेला राहणाऱ्या एका म्हातारीने विहीर दाखवली. पाण्यावर जमिनीतून सुटणाऱ्या वायूचे बुडबुडे सारखे येत होते. "हे पानी आमी आता पीत नाय," एवढंच ती म्हणाली.

बाईंनी चाचणीसकट अहवाल दिला. साहेबांनी चाचणी वगळायला सांगितली. बाईंनी नकार दिला. महिन्याभरात बदलीचा कागद आला आणि त्यांनी राजीनामा दिला. अहवाल माझ्या टेबलावर आला. माझी नोकरी नवी होती. कागदावरच्या जुन्या आकड्याखाली मी सही केली.

पुढे वटारला भेटायला गेलो तेव्हा त्या अंथरुणावर होत्या. कोणता आकडा गेला, एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितला. त्या चिडल्या नाहीत.

"आता तोच खरा धरून लोक तिथे घरं बांधतील," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

त्यांच्या मातीला जाऊन परतताना रिक्षा डंपिंगवरून आली. कडेला इमारतीचा पाया खणून झाला होता. खड्ड्याच्या काठावर मजूर बाया चुली पेटवत होत्या.