पाहणीच्या बाई

मनाच्या आजारांची पाहणी करायला एक बाई दर दोन महिन्यांनी आमच्या शिनोलीत यायच्या. दिलेलं पाणी पिऊन झाल्याशिवाय त्या फॉर्म उघडत नसत. प्रश्न हळू विचारायच्या, ओट्यावरच्या शेजारणींना ऐकू जाऊ नयेत म्हणून.

आईचं उत्तर ठरलेलं, "झोप लागती की. मला काय झालंय?" खरं तर ती रात्र रात्र जागी असायची.

गेल्या खेपेला बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि मुद्दाम मोठ्यानं म्हणाल्या, "मावशी, मलाबी झोप येत नव्हती. जगावंसंच वाटंना. दोन वर्षं मनाच्या डॉक्टरांची गोळी घेते मी."

शेजारणी वळून बघू लागल्या. आई बाईंजवळ सरकली.

"मंग आता लागती?"

"लागते."

"मला न्हाई लागत," आई म्हणाली.

सोमवारी दोघी एसटीनं घोडेगावच्या दवाखान्यात गेल्या. मला आईनं घरीच थांबायला सांगितलं.