जावयाच्या नाटकात सांडलेला भंडारा

शालन, ये गं, अशी जवळ बस. आधी तुझा कान धरते. चार रविवार झाले, तुझा फोन न्हाई. मी केला की तुझी सून सांगते, मावशी, त्या मळ्यात गेल्यात. माद्रिदहून माझा आवाज आष्ट्यात पोचतो आणि आष्ट्यातनं तुझा निघत न्हाई, असं कसं गं? रागावले न्हाई. पण आपल्यात सगळ्यांनी तुला विचारलंय म्हणे, जावयाच्या पहिल्या खेळाला अक्का आत का बसली न्हाई? फोनवर एवढं सांगून व्हायचं न्हाई, म्हणून लिहून काढते. तू वाच, आणि आपल्यातली जी माणसं गलाईला परमुलखात गेलीत, सोनं गाळत बसलीत, त्यांनापण वाचून दाखव. त्यांना कळंल.

निघाले तो दिवस तुला आठवत असंल. विट्याच्या स्टँडवर तू माझी पिशवी धरून उभी, आणि मी सारखी विचारत हुते, पासपोर्ट हाय का गं आत? तुझे दाजी जाऊन वर्ष झालेलं. घराला कुलूप लावायला माझं मन होईना, शेवटी तूच लावलंस. आई काठी टेकत आली. तिनं बिरोबाच्या भंडाऱ्याची पुरचुंडी माझ्या कमरेला खोचली आणि म्हणाली, "भ्या वाटलं की चिमूटभर लाव. आन् कुणाच्या उंबऱ्यात रित्या हातानं जाऊ नगंस." रडली न्हाई. एसटी हलली तशी पाठ फिरवून चालायला लागली.

भ्या कशाचं वाटत न्हवतं ते विचार. मुंबईला विमानतळावर साहेबानं पुरचुंडी उघडून हुंगली. "देवाचं हाय, साहेब," एवढंच तोंडातनं निघालं. कसा सोडला त्यानं, बिरोबाला ठाऊक. माद्रिदला आले तर आपोआप उघडणाऱ्या दाराचं भ्या, आपोआप पळणाऱ्या जिन्याचं भ्या. मेट्रोत कुणी नुसतं "ओला", म्हंजे त्यांच्यातला रामराम, म्हणालं तरी मी खाली बघायची. आणि सगळ्यात जास्त भ्या वाटायचं ते जावयाचं.

जावई तुला म्हाईत हायच. सुनंदा शिकायला गेली आणि तिथंच लग्न करून बसली. नाव रामोन. आपला भाऊ आप्पा, त्यानं त्याचं रामण्णा करून टाकलं, जतकडच्या कानडी पाहुण्यासारखं. करतात काय विचारल्यावर सुनंदा म्हणाली, नाटकात काम करतात. तुझे दाजी दोन दिवस नीट जेवले न्हाईत. म्हणाले, "आपली माणसं सोनं गाळायला मद्रासपासनं कलकत्त्यापर्यंत गेली, पण तोंडाला रंग लावायला कुणी गेलं न्हाई."

तोंडाला रंग लावणं किती कष्टाचं असतं ते मी त्यांच्या घरात राहून बघितलं. विशीत रामण्णा नाटकात शिरले तवा सहा वर्षं नुसते नोकर झाले. तबक घेऊन यायचं, ठेवायचं, जायचं. मग एकदा मोठं काम मिळालं आणि नाव झालं. पुढं टीव्हीवर डॉक्टर झाले. अजून भाजीच्या दुकानात बायका त्यांना गुडघे दाखवतात. सिनेमात दुष्ट झाले, तवा त्याच बायका लांबनं बघायच्या. पण पन्नाशी उलटली आणि फोन यायचा थांबला. तरुण न्हाई, म्हातारा न्हाई, अशा माणसाला काम न्हाई म्हणे. माणूस दिवसभर फोन उशाला घेऊन पडायचा. सुनंदा कामावर जायची, आणि घरात मी आणि ते. त्यांना मराठीतले शब्द येतात आठ-दहा: आई, पाणी, बास, चला. मला त्यांच्यातले तेवढेच. दोघं एकमेकांना भिऊन दोन खोल्यांत बसायचो.

मग एक दिवस म्हणाले, आता दुसऱ्यानं दिलेलं काम नको, मी नाटक बसवतो. समुद्रावर गेलेल्या दोघा भावांची वाट बघणाऱ्या दोन जावांचं नाटक. थेटर मिळायला दोन वर्षं गेली. माणूस वाळला. सुनंदाला त्यांनी सांगितलं हुतं, हे पडलं तर मी ह्या धंद्यात पुन्हा पाऊल टाकणार न्हाई. ती मला हे सांगताना भांडं घासत हुती, एकच भांडं, किती वेळ घासत हुती. ह्या धंद्याबिगर रामण्णा म्हंजे काय उरंल, हे ती मला विचारत न्हवती, पण मला ऐकू आलं.

पहिल्या खेळाच्या दिवशी दुपारी सगळ्यांसाठी पोळ्यांचा डबा घेऊन आमी थेटरात गेलो. तिथं जो तो एकमेकांना काहीतरी म्हणून मिठी मारत हुता. सुनंदा म्हणाली, आई, "भरपूर शेण" म्हणतात. पूर्वी लोक घोडागाडीनं यायचे, दारात जितकी लीद तितके प्रेक्षक. मला लय बरं वाटलं. शेण शुभ मानणारी माणसं म्हंजे आपलीच की. माझी भीड चेपली ती तिथं. सुनंदा डबा द्यायला आत गेली. रंगमंच मोकळा हुता. म्हटलं, हा जावयाचा उंबरा, रित्या हातानं कशी जाऊ? पुरचुंडी सोडली आणि चारी कोपऱ्यांत आणि मधोमध भंडारा टाकला. मधोमध जरा जास्तच पडला.

रामण्णा आले आणि थांबले. मी हसले. त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलं.

"आई, हे काय करून ठेवलंस," त्यांच्यामागनं आलेली सुनंदा दबक्या आवाजात म्हणाली. नाटकवाल्यांत तिकडं पिवळा रंग अपशकुनी, शालन. कुणी एक नाटकवाला पिवळ्या कपड्यात मेला म्हणे. कुणी पिवळा रुमालपण आणत न्हाई. रामण्णांनी तीस वर्षांत रंगपटात लिंबू ठेवू दिलं न्हाई. मी मात्र मूठभर हळद उधळून ठेवली. थोरल्या जावेचं काम करणारी बाई सत्तरीची. ती दारातच खाली बसली आणि म्हणाली, मी आत पाय ठेवणार न्हाई. खेळ चार तासांवर आलेला.

रामण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बघत हुते, त्या पिवळ्याकडं आणि माझ्याकडं. एक माणूस बादली आणि पोछा घेऊन आला. काळं पाणी, त्यात बिरोबाचा भंडारा जाणार. मला जावयाचं वाटोळं व्हायचं भ्या, आणि देवाचा कोप व्हायचं भ्या. कुठलं मोठं ते ठरवायला वेळ न्हवता. मी "बास" म्हणाले, गुडघ्यावर बसले आणि पदरानं पुसायला लागले. एक-एक कोपरा. सुनंदा त्या म्हातारीला सांगत हुती, हे तिच्या देवाचं हाय, म्हणून कापडानं पुसते.

पुसून झालं आणि मला उठता येईना. म्हातारी दारातनं उठून आली, तिनं हात दिला. मी उठले तर तिचा पंजा पिवळा झालेला. ती हाताकडं बघत राहिली, मी तिच्याकडं. मग तिनं तो हात हळूच माझ्याच पदराला पुसला आणि सुनंदाला काहीतरी म्हणाली. सुनंदानं मला मराठीत सांगितलं, "त्या म्हणतात, तुमच्या देवाला सांगा, मी अपमान म्हणून न्हाई पुसलं."

आणि ती रंगपटात गेली. कामाला लागली.

पण असला पिवळा पदर घेऊन मी कशी आत बसू? म्हणून मी बाहेर बसले, कोट ठेवतात तिथं, तिथल्या बाईशेजारी. भिंतीपलीकडनं सगळं ऐकू यायचं आणि काही कळायचं न्हाई. एकदा काहीतरी धाडकन पडलं. मग बराच वेळ काहीच न्हाई. शालन, दाजींना ऑपरेशनला आत नेलं तवासुद्धा मी इतकी भ्याले न्हवते. शेवटी टाळ्या आल्या. थांबतील म्हणून मी मोजत बसले, आणि मोजायचं सोडून दिलं.

रामण्णा घामानं भिजलेले बाहेर आले. लोक त्यांना ओढत हुते. ते कोटांमधनं वाट काढत माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "आई, घरी चला."

मला तिथंच कळलं गं. ह्या माणसांचं भ्या वाटत हुतं तोवर मी पाहुणी हुते. आता ह्या माणसांसाठी वाटतं. भ्या तेवढंच हाय, पण आपल्या गावात पोरं शाळेतनं उशिरा आली की वाटायचं, तसलं. हेच घर असणार. कुलूप लावलेलं तेपण घर हाय, न्हाई कोण म्हणतं, पण तिथं आता ज्याच्यासाठी भ्यावं असं कुणी न्हाई.

दिवाळीनंतर रामण्णांचं दुसरं नाटक हाय. पहिलं चाललं म्हणून दुसऱ्याचं भ्या दुप्पट. ह्या वेळी आईंनी पहिल्या रांगेत बसायचं, असं त्यांनी निक्षून सांगितलंय. तिथं एकटीनं बसणं मला जमायचं न्हाई. ऊस सुनेवर सोपव, पासपोर्ट काढ आणि लवकर ये. शेजारची खुर्ची तुझ्यासाठी धरून ठेवायला सांगितलीय.